क्रमागत विषम संख्या मानताना क्ष, क्ष + १, क्ष + ३ का घेत नाहीत?

तुमचं उदाहरण असं: तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज १४१, तर त्या संख्या कोणत्या? आणि शंका अशी की समसंख्यांसाठी २ आणि ४ मिळवतो, तर विषमांसाठी १ आणि ३ मिळवायला नकोत का?

नकोत. ३५ नंतरची विषम संख्या ३७, म्हणजे अंतर दोनचंच. क्ष विषम असेल तर १ मिळवल्याबरोबर ती सम झाली. तुमच्या मांडणीने ३क्ष + ४ = १४१ येतं आणि १३७ ला ३ ने भागच जात नाही. सम असो वा विषम, मांडणी एकच: क्ष, क्ष + २, क्ष + ४. क्ष सम की विषम हे समीकरणाला ठाऊक नसतं. ते उत्तर आल्यावर आपण बघायचं.

मी मात्र तीन संख्या असल्या की मधलीला क्ष मानतो. क्ष − २, क्ष, क्ष + २. बेरजेत दोन्ही २ उडाले, ३क्ष = १४१, क्ष = ४७. संख्या ४५, ४७, ४९.

वर्ग आले की या युक्तीचा खरा फायदा कळतो. समजा, तीन क्रमागत पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज १४९ आहे. पहिली संख्या क्ष मानलीत तर क्ष² + २क्ष − ४८ = ० पर्यंत येऊन अवयव पाडत बसा. मधली क्ष मानलीत तर सरळ ३क्ष² + २ = १४९, क्ष² = ४९. इथे क्ष = −७ सोडून देऊ नका. ‘पूर्णांक’ म्हटलंय, म्हणून ६, ७, ८ आणि −८, −७, −६ ही दोन्ही उत्तरं लिहायची. ‘नैसर्गिक संख्या’ म्हटलं असतं तर पहिलंच.

चार संख्या असतील तर मधली अशी एक नसतेच, तिथे गुपचूप पहिलीला क्ष माना.

बाकी मुलं अडतात ती बहुधा वाक्यात. ‘तीन क्रमागत संख्यांपैकी सर्वांत लहान संख्येची तिप्पट ही सर्वांत मोठीच्या दुपटीपेक्षा ७ ने जास्त आहे.’ ‘जास्त’ दिसलं की ७ तिप्पटीतच मिळवून मोकळे! अहो, ती बाजू आधीच जड आहे. ७ हलक्या बाजूला टाकायचे: ३क्ष = २(क्ष + २) + ७. क्ष = ११. तिप्पट ३३, तेराची दुप्पट २६.