मापात पाप नको

प्रिय बेटा,
सप्रेम सलाम.

विद्यापीठात मी एक असते आणि रविवारी चर्चच्या मंडळीत दुसरीच, असं तू लिहिलंस. वाचून जीव कासावीस झाला. तालुक्याच्या कॉलेजात माझीही पहिली दहा वर्षं अशीच गेली.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर बायबलचं वचन छापलं म्हणजे झालं, असं मला वाटत नाही. तू यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजतेस. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. बाटलीवर तू गावाचं नाव आणि तारीख नीट लिहितेस ना, तुझा विश्वास तिथे आहे.

तरुणपणी एका विहिरीचा नमुना माझ्या हातून सांडला. उन्हात परत जायचा कंटाळा आला. शेजारच्या दोन विहिरींची सरासरी काढून मी आकडा तक्त्यात भरला. लेख छापून आला, आणि त्या रविवारी प्रभुभोजनाला, चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, हात पुढे होईना. शेवटी संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवायची, गोंडांची बोली टिपायची, खडकांतले जीवाश्म गोळा करायचे, हे सगळं त्या एकाच मिशनऱ्याने केलं. नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडांची वर्तुळं पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नाल्याच्या पुरात ते गेले. त्यांचं सगळंच पटायला हवं असं नाही, पण ही एकसंधता मला फार मोलाची वाटते.

वर्गात मात्र उपदेश नको. इंटर्नलचे मार्क तुझ्या हातात आहेत, पोरं नाही म्हणू शकत नाहीत. कुणी आपणहून विचारलं तर लपवूही नकोस.

आणि एकटी राहू नकोस. आसपासच्या कॉलेजांतले दोघं-तिघं विश्वासी प्राध्यापक गाठ, महिन्यातून एकदा बसा. आधी एकमेकांचं लिखाण कडकपणे तपासा, मग प्रार्थना करा. आम्ही उलटं करायचो, आणि लिखाण राहूनच जायचं.

त्या विहिरीवर आता हातपंप बसलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, दोघं जाऊन नमुना घेऊ. बाटल्या प्लास्टिकच्याच आण, काचेत फ्लोराइडचं माप बिघडतं.

तुझे जुने सर