वाचकांचे प्रश्न : आडवाटेने वर्गावर जाताना

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असून गेली अकरा वर्षे प्रयोगशाळेत नोकरी करतो आहे. शाळेत शिकवण्याची मनापासून इच्छा आहे. परंतु नोकरी सोडून पूर्णवेळ महाविद्यालयात बसणे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शक्य नाही. प्रमाणित शिक्षक होण्याची दुसरी वाट असते का? आणि त्या वाटेने आलेला शिक्षक कच्चा राहतो, हे खरे आहे का?

उत्तर : वाट असते, आणि ती आजची नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९८४ मध्येच अशी व्यवस्था स्वीकारली. विषयाची पदवी आहे, पण अध्यापनाचे प्रशिक्षण नाही, अशा उमेदवाराला तात्पुरता परवाना देऊन वर्गावर पाठवायचे आणि प्रशिक्षण नोकरीच्या जोडीनेच पूर्ण करून घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे इतर अनेक राज्यांनीही आपापल्या पद्धतीने असे मार्ग खुले केले. ‘टीच फॉर अमेरिका’ या संस्थेची कल्पना वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये पदवीच्या प्रबंधात मांडली आणि दुसऱ्याच वर्षी तिची पहिली तुकडी शाळांत दाखल झाली. इंग्लंडमध्ये त्याच धर्तीवरील ‘टीच फर्स्ट’ २००२ मध्ये स्थापन झाली. या दोन्ही संस्था प्रामुख्याने गरीब वस्त्यांतील शाळांसाठी दोन वर्षांच्या बोलीवर उमेदवार निवडतात. त्यांची चाळणी मात्र बारीक असते.

आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मला याहून ‘निवासी’ पद्धत अधिक हितावह वाटते. डॉक्टर जसा रुग्णालयात उमेदवारी करतो, तसे वर्षभर एकाच कसलेल्या शिक्षकाच्या वर्गात राहून हळूहळू तास आपल्याकडे घ्यायचे आणि बाजूने सैद्धांतिक अभ्यास करायचा. बोस्टनमध्ये २००३ पासून ही पद्धत चालू आहे. अशा कार्यक्रमांत बहुधा विद्यावेतन मिळते. मात्र ते पगाराची बरोबरी करीत नाही, हे धरूनच घरचा हिशेब मांडावा.

आता कच्चेपणाविषयी. अमेरिकी शिक्षण खात्यासाठी केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की ‘टीच फॉर अमेरिका’तून आलेल्या माध्यमिक गणित शिक्षकांचे विद्यार्थी त्याच शाळांतील इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे २.६ महिन्यांच्या अभ्यासाइतके पुढे होते. पण या आकड्यावर हुरळून जाऊ नये, कारण ते उमेदवार मुळातच निवडक होते आणि पर्यायी मार्गांतील बहुतेकांना इतकी कडक निवड पार करावी लागत नाही. माझ्या मते मार्ग किती महिन्यांचा आहे यापेक्षा आपल्या वर्गात मागच्या बाकावर कोणता मार्गदर्शक येऊन बसणार, हे अधिक निर्णायक ठरते.

असे का म्हणतो, ते सांगतो. आम्ल आणि आम्लारी हा पाठ आपण चाळीस मिनिटांसाठी नीट बसवलेला असतो आणि तो सतराव्या मिनिटाला संपतो. उरलेल्या वेळात काय करावे ते सुचत नाही, खिडकीकडची रांग बोलू लागते, आपण आवाज चढवतो. विषयाचे ज्ञान इथे फारसे कामी येत नाही. अशा वेळी मागे बसलेल्या मार्गदर्शकाने कागदावर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणी दिले याची नोंद ठेवलेली असेल, तर तास सुटल्यावर कळते की अकरा प्रश्नांपैकी नऊंची उत्तरे त्याच दोन मुलांनी दिली होती आणि बाकीचा वर्ग गप्प बसल्यामुळेच पाठ लवकर उरकला. हे व्याख्यानातून उमगत नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला सरळ विचारावे : मार्गदर्शक आठवड्याला किती तास पाहणार, त्याला त्यासाठी स्वतःच्या तासिकांतून सूट आहे का, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वेळापत्रक माझ्या गळ्यात पडणार का? उत्तरे मोघम मिळाली तर शुल्क भरू नये. शिवाय, मिळणारे प्रमाणपत्र परवाना देणाऱ्या प्राधिकरणाला मान्य आहे का, याची खात्री संस्थेच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर त्या प्राधिकरणाकडूनच करून घ्यावी. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालतोच असे नाही.

प्रश्न : मी नऊ वर्षे प्रमाणपत्राविना शिकवते आहे. मलाही पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागेल का?

उत्तर : सगळीकडे नाही. इंग्लंडमध्ये अशांसाठी केवळ मूल्यमापनाचा मार्ग आहे. पदवी असावी, किमान दोन शाळांत शिकवलेले असावे आणि आणखी प्रशिक्षणाची गरज नसावी. मग जास्तीत जास्त बारा आठवड्यांत उमेदवाराचे काम शिक्षकांसाठी ठरवलेल्या निकषांवर पारखले जाते. जिथे अशी सोय नाही, तिथेही पूर्वानुभवाला श्रेयांक मिळतात का, हे विचारून पाहावे.

दोन्हीकडे पुरावा लागतो, आणि नऊ वर्षांचे अनुभवपत्र हा पुरेसा पुरावा नव्हे. पाठाचे टाचण, ते फसल्यावर दुसऱ्या दिवशी केलेला बदल आणि त्याच मुलाच्या वहीची आधीची व नंतरची पाने, असे तारखांसह जपून ठेवावे. नीटनेटक्या वह्या निवडण्याचा मोह होतो. परीक्षकाला मात्र खाडाखोड असलेली वही अधिक सांगते.