आईला एका रात्रीत एका कानाने ऐकू येणं बंद झालं. प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे असं होतं का? ती वाढवायला गुळवेलीचा काढा देऊ का?

तुम्ही निपाणीहून लिहिलंय, म्हणजे आधी हे वाचा: उद्याच आईंना घेऊन कोल्हापूर किंवा बेळगाव, जिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते यंत्राने मोजणं) एकाच दवाखान्यात मिळेल तिथे जा. कोल्हापूर तुम्हाला जवळ पडेल. बाकीचं बसमध्ये वाचलंत तरी चालेल.

मी बेळगावात ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासून आलेख काढून देते, औषध डॉक्टर देतात. सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसलेला, आत सारखं गुंईऽऽ, आणि फोन त्या कानाला लावला तर पलीकडचं काहीच कळत नाही, अशी माणसं आमच्याकडे येतात ती बहुतेक वेळा उशिरा येतात. आधी कोमट तेल होतं, मग थेंब, मग ‘सर्दी उतरली की सुटेल’. तुमच्या आईंचे चार दिवस असेच गेलेत, पण अजून वेळ हातात आहे.

घरी एक करून बघा. आईंना तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा आवाज काढायला सांगा. तो बिघडलेल्या डाव्या कानात मोठा वाटला तर मळ किंवा सर्दी असू शकते. चांगल्या, उजव्या कानाकडे ओढला गेला तर आतल्या कानाचा किंवा नसेचा संशय घ्यायचा. दवाखान्यात हेच कंपन-काट्याने (ट्यूनिंग फोर्कने) बघतात. खरा निकाल मात्र ऑडिओमेट्रीचाच. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली असेल तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. त्यावर सहसा स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्या तर बरं. गोळ्यांनी भागलं नाही तर कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन देता येतं. साखर, बीपी, पूर्वी झालेला टीबी, यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीकडून आणून सुरू करू नका, हेही सांगावं लागतं.

आता प्रतिकारशक्ती. असे जे रुग्ण येतात त्यांतल्या दहापैकी साधारण नऊ जणांत नेमकं कारण सापडतच नाही. विषाणू, आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिनीत अडथळा, असे अंदाज राहतात. ही रक्तवाहिनी एकटीच असते, ती तुंबली तर रक्त यायला दुसरी वाट नाही. रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच आतल्या कानावर उलटते असंही घडतं. ब्रायन मॅकेब या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९मध्ये अशा १८ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून हा आजार वेगळा ओळखला जातो. पण त्याची चाल निराळी. तो बहुधा दोन्ही कानांत, काही आठवडे ते महिने घेत वाढतो, मध्येच बरं वाटतं, पुन्हा बिघडतं. एका रात्रीत एकच कान गेला तर माझा पहिला संशय त्याच्यावर जात नाही.

तुम्ही मात्र जाता जाता एक ओळ टाकलीय, की सकाळी आईंची बोटं आखडतात. आई विड्या वळतात, त्यामुळे ‘कामाने दुखतात’ असं घरात सगळ्यांनी धरलं असणार. तेच असू शकतं. पण दोन्ही हातांची बोटं, उठल्यावर तासभर तरी मोकळी होत नाहीत, सांध्यांना सूज आहे, असं असेल तर ते संधिवाताचं लक्षण असू शकतं, आणि हा संधिवात प्रतिकार यंत्रणेच्याच बिघाडातून होतो. डोळे लाल होऊन दुखणं, तोंडात वारंवार फोड, चक्कर, अंगावर चट्टे, यांचीही विचारपूस होईल. काही जुळलं तर डॉक्टर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए अशा रक्ततपासण्या लिहून देतील. लक्षणं नसताना सरसकट सगळ्या तपासण्या करून पैसे घालवण्यात अर्थ नाही. कानातला हा आजार निश्चित सांगणारी एकच एक रक्ततपासणी आजही नाही.

म्हणून काढा आत्ता नको. प्रतिकार यंत्रणा उलटली असेल तर ती कमी पडलेली नसते, नको तिथे काम करत असते, तिला आणखी जोर द्यायचा नसतो. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले आहेत. स्टिरॉइड चालू असताना असा प्रयोग मी तरी माझ्या घरात करू देणार नाही.

ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाची, मूळ प्रत जपून ठेवा. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली, ही पद्धत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच. त्यामुळे कोल्हापूरचा कागद बेळगावात चालतो, पुन्हा नव्याने सगळं करा म्हणालं कोणी तर आधी हा दाखवा. उपचार संपल्यावर एकदा आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी होते. एमआरआय लिहून दिला तर घाबरू नका, ऐकण्याच्या नसेजवळ गाठ नाही ना एवढं पाहायचं असतं. ती निघाली तरी सहसा कर्करोगाची नसते. स्वस्त पडतो म्हणून सीटी स्कॅन करून घेऊ नका, लहान गाठ त्यात निसटू शकते. आणि उजवा कान जरा जरी कमी-जास्त वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.