मुलाचं कार्ड, आईची ठेव

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. मकरपुऱ्याला कारखान्यात नोकरी, पगार ३२ हजार. क्रेडिट कार्डावर ४० हजारांची थकबाकी झालीय. दर महिन्याला किमान रक्कम भरतो, तरी बाकी हलत नाही. माझी एक लाखाची मुदत ठेव मोडून त्याला मोकळं करावं असं वाटतं. हे म्हणतात, लाडावून ठेवू नकोस. काय करू?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, ठेव मोडू नका. पण यजमानांसारखे हातही झटकू नका.

बाकी का हलत नाही, ते आधी बघा. कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ४० हजारांवर १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. किमान रक्कम बहुधा पाच टक्के, म्हणजे २,०००. मुद्दल फिटतं ते जेमतेम ३४८! फत्तेगंजला मित्रांसोबत एकदा जेवण झालं की तेही गेलं. हा हिशोब तुम्ही करून दाखवू नका. स्टेटमेंट आणि पेन त्याच्यापुढे ठेवा.

मग त्याला घेऊन बँकेत जा. ठेवीवर कर्ज मिळतं, बहुतेक ठिकाणी ठेवीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त दराने. त्यातून कार्ड शून्यावर आणून बंद करायचं. त्याच्या पगाराच्या खात्यातून दरमहा ३,५०० रुपये या कर्जात वळते होऊ द्या. साधारण वर्षभरात फिटेल. हप्ता चुकला तर बोजा आईच्या ठेवीवर येतो, हे त्याला सही करण्याआधी सांगा. आणि चुकलाच, तर तुम्ही गुपचूप भरायचा नाही. माझी सगळी नोकरी पोस्टात अल्पबचतीच्या खिडकीवर झाली. आया नेमक्या इथेच विरघळताना मी पाहिल्यात.

यजमानांना सांगा, आपल्याच वडोदऱ्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. अडलेल्या सभासदाला तिथे पैसे मिळत, पण कर्ज म्हणून. त्याने कुणी लाडावलं नाही.

मुलगा घरखर्चाला काय देतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काहीच देत नसेल तर निदान विजेचं आणि गॅसचं बिल या महिन्यापासून त्याच्याकडे सोपवा. आणि पेट्रोलला तुमच्या पर्समधले पैसे बंद.