दारू सोडलेल्यानं पुन्हा दारुड्यांतच जाऊन बसायचं?

"आत्ताच कुठे सुटलीय हो. आता परत पिणाऱ्यांच्यातच पाठवू?" उपचार मार्गी लागल्यावर मी स्वमदत गटाचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाचा, विषय काढला, की घरच्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. रास्तच आहे. इतकी वर्षं ज्या संगतीला बोल लावला, तीच समुपदेशक सुचवतोय असं वाटणारच. पण त्या संगतीत "एकानं काय होतंय" म्हणणारे होते, आणि इथे एकानं काय होतं ते भोगून बसलेले असतात.

एका जोडप्याचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, नोकरी शाबूत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडून महिना होत आलेला. (देखरेखीचं मुद्दाम लिहिलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर हातांना कंप, घाम, झोप उडणं इथून सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. ते काम दवाखान्याचं, गटाचं नाही.)

पहिल्या मीटिंगहून ते वैतागून परतले. "एक जण सांगत होता, नोकरी गेली, घर गेलं, रस्त्यावर झोपलो. माझं तसलं काही झालेलं नाही. मी त्यांच्यातला नाही." पत्नीनं मान डोलावली. तिला हेच ऐकायचं होतं.

मी विचारलं, "कुणाचं ऐकून हसू आलं का?"

जरा वेळ गेला. मग म्हणाले, हो, एक जण घरच्या बाटलीत पाणी घालायचा, आणि पातळी तेवढीच दिसावी म्हणून लेबलवर पेन्सिलीनं खूण करून ठेवायचा. शेवटी बाटलीत पाणीच उरलं, तरी खुणा चालूच. सांगताना स्वतःशीच हसले. पत्नी हसली नाही. म्हणाली, "आपल्याकडे खूण लेबलच्या मागच्या बाजूला असायची."

त्यानंतर "मी त्यांच्यातला नाही" हे वाक्य त्या दिवशी पुन्हा आलं नाही. गटातली जुनी मंडळी नव्याला सांगतातच, फरक मोजू नका, सारखेपणा शोधा. नवा माणूस नेमकं उलट करतो, कारण फरक सापडला की उठून जाता येतं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, सुरुवातही अशीच दोन माणसांपासून झाली. १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरी कामासाठी गेला होता. पिणं सोडून काहीच महिने झालेले, काम फिसकटलेलं, आणि हॉटेलात बार समोर. त्यानं फोनाफोनी करून दुसरा पिणारा शोधला. ते निघाले डॉक्टर बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. विल्सनला डॉक्टरांना सुधारायचं नव्हतं, आपण पिऊ नये म्हणून त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं.

माझ्या मते गट निवडायची कसोटी तीच. संध्याकाळी सात वाजता तलफ आली, तर फोन करावा असं तिथे कुणी भेटलं का? माझी वेळ आठवड्यातून तासभर, तलफेची वेळ कुणालाच ठाऊक नसते. एका मीटिंगवरून निकाल देऊ नये, दोन-तीन वेगवेगळे गट पाहावेत. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. फी नसते, सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांना बघायचं असेल तर 'ओपन' मीटिंगला जाता येतं, 'क्लोज्ड' फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. बायकांना फक्त बायकांचा गट सोयीचा वाटतो, तो मिळाला तर उत्तम. एएत देवाचा उल्लेख येतो, तो खटकत असेल तर १९९४ पासून चालणारा स्मार्ट रिकव्हरी हा वेगळा गट आहे. तिथे विचार आणि सवयींवर काम होतं, मीटिंग ऑनलाइनही असतात. मात्र "गोळ्या बंद कर" म्हणणारा भेटला तर त्याचं ऐकू नये. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा. एएचं अधिकृत म्हणणंही तेच आहे.

पत्नीची शंका तरी उरलीच. "पण उपयोग होतो का?" २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांना लागू पडतात असं नव्हे. एखाद्याला गट मानवतच नाही, त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

या गृहस्थांना दुसरा गट मानवला. लहान, ऑफिस सुटल्यावर गाठता येईल असा. मधे एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायले. दुसऱ्या दिवशी मला कळवण्याआधी त्यांनी गटातल्या एकाला कळवलं होतं, आणि त्याच संध्याकाळी ते मीटिंगला जाऊन बसले. मला याचं बरंच वाटलं.

पत्नीला मी अल-अ‍ॅनॉन सुचवलं. १९५१ पासूनचा हा घरच्यांचा वेगळा गट. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत, म्हणून ती पहिल्यांदा नाराज झाली. जाते मात्र अजून. आता तिची तक्रार वेगळी आहे: "माझ्याशी वीस वर्षांत जे बोलले नाहीत, ते तिथल्या लोकांना सांगतात." पुढच्या भेटीत दोघं त्याच विषयावर बसणार आहेत.