ड्रीमकास्टचं इंजिन शेअर करायचंय? आधी फोल्डर नीट उघडून बघा

पुण्याहून एका वाचकाने लिहिलंय, नाव अर्थातच देत नाही. २०१३-१४ च्या सुमारास एका मोबाइल गेम कंपनीत नोकरीला असताना रात्री घरी बसून त्यांनी क्वेक या जुन्या गेमच्या सोर्स कोडवरून सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलसाठी गेम इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) बनवलं, साउंडचा भाग एका मित्राने लिहिला जो आता कॅनडात असतो, आणि आता हे सगळं त्यांना गिटहबवर, म्हणजे कोड शेअर करायच्या साइटवर, टाकायचंय. प्रश्न एवढाच की "सेगाने कन्सोल २००१ मध्येच बंद केला, आता कोण विचारणार? टाकू का सरळ?"

टाका, पण सरळ नको.

मालक शटर ओढून गावी गेला म्हणून गाळा आपला होत नाही, तसंच आहे हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीत धरलंय, म्हणजे साधारणपणे लेखक गेल्यावर पुढे ६० वर्षं हक्क चालू. मशीन बाजारात मिळतं की नाही याच्याशी कायद्याला काही घेणं नाही.

क्वेकच्या कोडचं टेन्शन घेऊ नका, क्वेक बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने तो १९९९ मध्ये जीपीएलखाली, म्हणजे कोड कोणीही वापरा पण पुढे देताना त्याच अटींवर द्या अशा लायसन्सखाली, मोकळा केलाय. फक्त तुम्ही त्यावर बांधलेलं इंजिनही जीपीएलखालीच द्यावं लागेल, जुन्या कॉपीराइटच्या ओळी पुसायच्या नाहीत आणि तुम्ही काय कधी बदललं ते लिहायचं. आणि फोल्डरमधली ती पीएके फाइल, म्हणजे क्वेक गेमचा डेटा भरलेली फाइल, बाहेर काढा! मोकळा झाला तो कोड, गेममधले नकाशे, आवाज, चित्रं नाहीत. म्हणजे रेडीमेड डिस्क इमेज पण टाकायची नाही, ज्याच्याकडे गेम आहे तो स्वतःची फाइल घालेल.

खरी गडबड तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आहे. ‘इन्क्लूड’ फोल्डरमधल्या तीन हेडर फाइलींच्या डोक्यावर सेगाची कॉपीराइटची ओळ आहे आणि तुम्हीच लिहिलंय की "ऑफिशियल एसडीके कुठूनतरी डाउनलोड केला होता". ते कुठूनतरीच नडणार. एसडीके म्हणजे गेम बनवायची किट, ती सेगा करार केलेल्या डेव्हलपर्सना द्यायची, तुमचा काही करार नाही, त्यामुळे या फाइली वाटणं म्हणजे सरळ उल्लंघन, आणि फुकट वाटलं हा बचाव होत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही बरं का, खुद्द इड सॉफ्टवेअरलाही हे चुकलं नाही. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या डूम या गेमचा सोर्स दिला तेव्हा डॉसचा कोड न देता लिनक्सचा दिला, कारण डॉसमधली साउंड लायब्ररी दुसऱ्याची होती. पुढे २०११ ला डूम ३ देताना सावल्या काढायच्या एका पद्धतीवर दुसऱ्या कंपनीचं पेटंट निघालं म्हणून इडचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांना तेवढा भाग बदलून लिहावा लागला.

तुम्हीही तेच करा. कॅलिस्टीओएस आहेच, ड्रीमकास्टसाठी लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेली, उघड लायसन्सची किट, तिच्यावर इंजिन बसवा. हार्डवेअरची एखादी माहिती कुठेच मिळत नसेल तर कलम ५२(१)(एबी) मध्ये इंटरऑपरेबिलिटीपुरती, म्हणजे आपला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यापुरती, सूट आहे, पण ती स्वतःकडे कायदेशीर आलेला प्रोग्राम तपासून माहिती काढायला, फाइल उचलून चिकटवायला नाही. आणि फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही, गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या हिस्ट्रीत त्या तशाच बसलेल्या असतात, कोणीही मागे जाऊन काढेल. नवी रेपो (कोडचं फोल्डर) करा, स्वच्छ.

आता नोकरी. कलम १७(सी) नुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्याचा पहिला मालक कंपनी, करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. रात्री, घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर हे तुमच्या बाजूने आहे, पण तुम्ही गेम कंपनीतच होतात आणि लिहिलंत गेम इंजिनच, त्यामुळे समोरचा वकील इथेच बोट ठेवणार, मी असतो तर मीही ठेवलं असतं. अपॉइंटमेंट लेटर शोधा, "नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही कंपनीचं" अशा अर्थाचं वाक्य असेल तर जुन्या एचआरला मेल टाकून ना-हरकत लेखी घ्या. फोनवर "हो हो चालेल" म्हणाले तर ते धरू नका.

मित्राचंही तेच. "तो म्हणाला टाक बिनधास्त" हे कोर्टात दाखवणार कसं? कलम ३० ला लायसन्स लेखी लागतं, दोन ओळींचा मेल मागवा की माझा साउंडचा कोड जीपीएलखाली द्यायला माझी परवानगी आहे.

हे सगळं करूनही गिटहबकडून काढून टाकायची नोटीस आलीच तर तावातावाने काउंटर नोटीस, म्हणजे कोड परत वर ठेवा असा उलट अर्ज, भरू नका. २०२१ मध्ये जीटीए थ्री या गेमचा कोड उलगडून लिहिणाऱ्यांनी ती भरली, कोड परत वर आला आणि सप्टेंबरमध्ये त्या गेमची मालक कंपनी टेक-टूने कॅलिफोर्नियात दावा ठोकला. त्या फॉर्ममध्ये अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं, पुण्यात बसून तिथली केस लढायचा खर्च इंजिनच्या हौसेपेक्षा फारच मोठा. तेव्हा नोटीस आली तर काहीही भरायच्या आधी मला मेल करा.