वाचकांचे प्रश्न : तेल, गादी आणि वेदी

प्रश्न : चौलला आमच्या शेजारी पूर्वी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं ज्यू कुटुंब राहायचं. त्यांच्या घरचा मलिदा लहानपणी पुष्कळदा खाल्लाय. हल्ली जुना करार मराठीतून वाचायला घेतला आणि यशयाच्या ४५व्या अध्यायाशी अडले. तिथे देव कोरेश (सायरस) या इराणी बादशहाला आपला 'अभिषिक्त' म्हणतो. अभिषिक्त म्हणजेच मशीहा ना? मग जे लोक मशीहाची वाट पाहत होते त्यांनी हे नाव परक्या राजाला कसं दिलं? आपल्यातलं कुणी नव्हतं का?
– एक वाचक भगिनी, चौल

उत्तर : ताई, तुमचं पत्र आल्या दिवसापासून माझ्या उशाशी आहे. याचं उत्तर तेलापासून सुरू होतं, आणि तेल हा आमच्या घरचा विषय. कुलाब्यात आम्हाला शनवार तेली म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. पणजोबांचा घाणा मी चालताना पाहिला नाही. त्याचं दगडी उखळ मात्र अंगणात पडलेलं होतं, त्याच्या काठावर बसून मी पाढे पाठ केले.

हिब्रूत 'माशाह' म्हणजे तेल चोपडणं आणि 'माशियाख', म्हणजेच मशीहा, तेल चोपडलेला. मूळ अर्थ एवढाच. शमुवेल संदेष्ट्याने शिंगात तेल भरून नेलं आणि इशायाच्या धाकट्या मुलाच्या, दाविदाच्या डोक्यावर ओतलं, तो राजा झाला. त्याच्या पुष्कळ आधी मोशेने आपल्या भावाच्या, अहरोनाच्या डोक्यावर ओतलं, तो याजक म्हणजे पुजारी झाला. तेल ही नेमणुकीची खूण होती. एक माणूस गादीसाठी आणि एक वेदीसाठी. या दोन जागा तुम्ही लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि दाविदाची गादी संपली. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतलं आणि बंदिवान यहुद्यांना घरी जायची, मंदिर पुन्हा उभारायची मुभा दिली. मंदिर बांधणं हे राजाचं काम, पहिलं शलमोनाने बांधलं होतं. ते काम ज्याच्या हातून सुरू झालं त्याला त्या कामाचं नाव मिळालं. त्यात लाचारी नव्हती. देव आपलं काम कोणाच्याही हातून करवून घेतो, असं म्हणायला मोठी छाती लागते. यशया तर स्पष्ट सांगतो की कोरेश देवाला ओळखतही नव्हता.

आणि आपल्यातलं कुणी होतं का? होतं, ताई. जरुब्बाबेल. बंदिवासात गेलेल्या यहोयाखीन राजाचा नातू, म्हणजे थेट दाविदाचं रक्त. इराण्यांनी त्याला यहूदा प्रांताचा सुभेदार नेमलं. राजा नाही, सुभेदार. त्याच्या जोडीला महायाजक यहोशवा. इ.स.पू. ५२०च्या सुमारास मंदिराचं रखडलेलं काम या दोघांनी पुन्हा हाती घेतलं. इराणचा बादशहा दारयावेश नुकताच गादीवर आला होता, साम्राज्यात जागोजागी बंडं झाली होती. अशा वेळी हाग्गय संदेष्टा जरुब्बाबेलाला देवाच्या बोटातली मुद्रेची अंगठी म्हणतो. जखऱ्याला दीपवृक्षाच्या दोन बाजूंना दोन जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं दिसतात. ही दोन झाडं कोण, असं तो विचारतो. उत्तर मिळतं ते हिब्रूत असं आहे : 'दोन तेलाचे पुत्र'. घाणेवाल्याच्या घरात जन्मलेल्या मला हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही.

त्यानंतर जरुब्बाबेल दिसेनासा होतो. इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर पुरं झालं. एज्राच्या पुस्तकात त्या सोहळ्याचं वर्णन आहे, किती बैल आणि किती मेंढे अर्पण केले तेही आहे, पण जरुब्बाबेलाचं नाव नाही. जखऱ्याच्या ६व्या अध्यायात मुकुट घडवले जातात. मूळ हिब्रू शब्द अनेकवचनी आहे, पण डोकं एकाच माणसाचं सांगितलंय, यहोशवा याजकाचं. दुसरं नाव नंतर गळलं किंवा गाळलं गेलं असावं, असा पुष्कळ अभ्यासकांचा कयास आहे. मलाही तो पटतो. परक्या राज्यात वेदी चालते, गादी चालत नाही. मशीहाची आस मला वाटतं या रिकाम्या गादीतच रुजली.

पुढची साडेतीनशे वर्षं लोकांचा पुढारी म्हणजे महायाजक. वर मालक बदलत गेले : इराणी, मग इ.स.पू. ३३२ पासून ग्रीक, त्यातही आधी इजिप्तचे आणि नंतर सिरियाचे. आपल्याकडे खोत जसा वर सरकारला सारा भरायचा आणि खाली गावावर हुकमत चालवायचा, तशीच याजकाची जागा होत गेली. आणि खोतीसारखाच तिचा बाजार झाला. इ.स.पू. १७५ मध्ये यासोन नावाच्या माणसाने सिरियाच्या अंतियोखस राजाला ४४० तालांत (तालांत हे जुनं मोठं वजन) चांदी कबूल करून सख्ख्या भावाची याजकाची जागा मिळवली. तीन वर्षांनी मेनेलाऊसने त्याच्यावर ३०० तालांत चढवून ती स्वतः घेतली. अहरोनाच्या डोक्यावरून दाढीपर्यंत ओघळलेल्या तेलाची ही किंमत ठरत होती. मक्काबी या यहुदी घराण्याचं सिरियाच्या राजाविरुद्धचं बंड पेटलं ते याच्यानंतर.

ते बंड यशस्वी झालं. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर शुद्ध केलं गेलं. पण मक्काबी याजकांच्या कुळातले, दाविदाच्या नव्हेत. त्यांच्यातल्या शिमोनाला लोकांनी पुढारी आणि महायाजक नेमलं तेव्हा ठरावात एक अट घातली : खरा संदेष्टा येईपर्यंत. म्हणजे नेमणूक कायम, पण देवाचा शेवटचा शब्द राखून ठेवलेला. ही अट मला फार मोलाची वाटते. शिमोनाच्या नातवांनी ती ओलांडून राजपदही घेतलं, गादी आणि वेदी एकाच माणसाखाली आणली. मृत समुद्राकाठी कुमरानला राहणाऱ्या पंथाच्या ज्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडल्या, त्यांत एक नव्हे, दोन मशीहांची वाट पाहिलेली आहे : एक अहरोनाचा, एक इस्राएलाचा. जखऱ्याची दोन झाडं पुन्हा वेगळी लावलेली. आणि इ.स.पू. ६३ मध्ये रोमन पाँपे मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात शिरला, त्यानंतरच्या एका स्तोत्रात दाविदाच्या पुत्राची हाक आहे. तीत रोमनांवर राग आहेच, पण दाविदाची गादी बळकावणाऱ्या आपल्याच लोकांवरही आहे.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या मंदिरात अभिषेकाचं तेलच नव्हतं. यहूदाच्या योशिया राजाने ते बाबेलचा हल्ला होण्याआधीच लपवून ठेवलं अशी तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली परंपरा आहे. तेल नाही म्हणून महायाजकाची नेमणूक त्याच्या पोशाखाने व्हायची. आठ वस्त्रं अंगावर चढली की तो महायाजक. आणि रोमनांनी काय केलं, तर तो पोशाख जेरुसलेमच्या अंटोनिया किल्ल्यात आपल्या ताब्यात ठेवला. सणापुरता बाहेर काढायचा, सण झाला की परत. शिमग्याच्या पालखीतले देवाचे मुखवटे सरकारने आपल्या कुलपात ठेवले आणि दरवर्षी गावकऱ्यांना मागायला लावले, तर गावाला काय वाटेल, ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको.

प्रश्न : बार कोखबाला रब्बी अकिवांनी मशीहा म्हटलं, मग तो स्वतःला राजा का म्हणवत नव्हता?
– एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : तुमचा प्रश्न छोटा असला तरी नेमका आहे. रोमन बादशहा हद्रियानाविरुद्ध यहुद्यांनी केलेला उठाव इ.स. १३२ ते १३५, त्याचा पुढारी बार कोखबा, आणि अकिवा हे त्या काळचे मोठे रब्बी, म्हणजे धर्मगुरू. 'बार कोखबा', म्हणजे ताऱ्याचा पुत्र, हे लोकांनी दिलेलं नाव. याकोबातून तारा उगवेल हे गणनेच्या पुस्तकातलं वचन अकिवांनी त्याला लावलं. त्याचं खरं नाव शिमोन बेन कोसिबा. १९६०-६१ मध्ये यिगाएल यादिन यांना नहल हेवेरच्या एका गुहेत त्याची पत्रं सापडली. त्यांत आणि नाण्यांवर तो स्वतःला 'नासी' म्हणजे अधिपती म्हणवतो, इस्राएलचा नासी. यहेज्केल संदेष्ट्याने येणाऱ्या दाविदाला जो शब्द वापरला, तोही नासी. म्हणजे पद लहान नव्हतं. पण आपण मशीहा आहोत असं सापडलेल्या एकाही पत्रात तो म्हणत नाही.

माझी मावशी इस्राएलला गेली, तिच्याकडे गेले असताना जेरुसलेमच्या संग्रहालयात मी ती नाणी पाहिली. रोमन नाणं तापवून त्याच्यावरच पुन्हा ठसा मारलेला, बादशहाच्या चेहऱ्याची रेघ खाली कुठेतरी शिल्लक. काहींवर 'शिमोन', काहींवर 'याजक एलाझार'. काचेपुढे मी बराच वेळ उभी होते. जरुब्बाबेल आणि यहोशवानंतर साडेसहाशे वर्षांनी पुन्हा तीच जोडी, एक गादीचा आणि एक वेदीचा.

आणि पत्रं? एका पत्रात तो दोन गाढवं पाठवतो आणि सुक्कोथच्या (मांडवांच्या) सणासाठी छावणीत खजुरीच्या झावळ्या आणि एत्रोग लिंबं पाठवायला सांगतो. मर्टलच्या आणि वाळुंजाच्या डहाळ्या दुसरीकडून आणा म्हणतो. फौज मोठी आहे, असंही लिहितो. युद्ध चालू, आणि या माणसाला सणाच्या साहित्याची चिंता. मला त्याच्याबद्दल जे प्रेम वाटतं ते या पत्रामुळे.

अकिवांना त्याच वेळी विरोधही झाला. योहानान बेन तोर्ता हे दुसरे रब्बी म्हणाले, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. उठावाचा शेवटचा किल्ला बेतार पडला, परंपरेप्रमाणे यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या ९ तारखेला, दोन्ही मंदिरं ज्या तिथीला गेली त्याच तिथीला. त्या दिवसाला आमच्याकडे बिरड्याचा सण म्हणत. आजी त्या दिवशी वालाचं बिरडं करायची, सोललेले कडवे वाल, वर काही नाही. ते कशाचं दुःख आहे हे मला शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

प्रश्न : तुमच्या मलिद्यात मशीहाचं नाव ऐकू येत नाही, एलियाहूचं येतं. असं का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : अलिबागचे असाल तर तुमच्या जवळच्या खंडाळा गावचा तो खडक तुम्हाला माहीत असेलच. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टे, आपल्या रथातून तिथे उतरले आणि तिथूनच वर गेले, रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा अजून आहेत, असं आम्ही मानतो. लग्न असो, नवस फिटलेला असो, नवीन घर असो, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा आणि फळं ताटात मांडून आम्ही त्यांचं नाव घेतो.

मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी म्हटलंय की त्या मोठ्या दिवसाआधी एलिया येईल. म्हणून ज्यांना मशीहा हवा ते आधी एलियाहूला बोलावतात. आणि एक जुनी रब्बींची परंपरा अशी की एलियाहू येताना तीन वस्तू परत आणणार : मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) ठेवलेलं पात्र, शुद्धीच्या पाण्याची कुपी आणि अभिषेकाच्या तेलाची कुपी. योशियाने लपवलेलं तेच तेल.

हे मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती नारळ खवत बसली होती. तिने विळीवरून हात काढला, पदराला पुसला आणि विचारलं, "कुपी केवढी गं असेल?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. मग तिने उरलेली वाटी खवायला घेतली. मलिद्याला लोक येणार होते.